उघड्या लाकडाचा मांडव

पॉलिशकाकांना उघडं लाकूड बघवत नाही. काही माणसांना रडणारं मूल बघवत नाही, काहींना शेजाऱ्याचं बरं चाललेलं बघवत नाही, काकांना लाकूड. मग ते कपाट असो, खुंटी असो नाहीतर झाडूचा दांडा. त्यांच्या घरातला झाडू असा चकाकतो की पाहुणे तो हातात घेऊन विचारतात, "कुठून आणलात हो?" पॉलिशच्या थराला त्यांच्या धंद्यात 'हात' म्हणतात. काकूंच्या लाटण्यावर त्यांनी एकदा दोन हात मारले होते. काकूंनी तेच लाटणं उगारून तिसरा कुणावर पडेल ते सांगितलं, तेव्हा कुठे स्वयंपाकघर या धंद्यातून सुटलं. एकदा गल्लीतले एक आजोबा त्यांच्या दारात काठी टेकवून घोटभर पाणी प्यायला बसले. पाणी पिऊन उठले तर काठी हाताला चिकटली.

"पहिलाच हात आहे, जरा वाळू द्या," काका म्हणाले.

तर असा माणूस. बुटका, जाड भिंगाचा चष्मा, नखं कायमची तपकिरी. घर बेताचं: पुढे बसायची खोली, मधे स्वयंपाकघर, त्याला लागून मुलाची आणि सुनेची खोली. मागे अंगणाची एक लांबट पट्टी आणि पट्टीच्या टोकाला पत्र्याची शेड. या शेडमध्ये गावभरची कपाटं, खुर्च्या, देखणे पलंग नि खंगलेली टेबलं येतात आणि नवी होऊन परत जातात. काका आधी लाकूड घासतात, भेगांत पुट्टी भरतात, मग स्पिरिट, चपडा, लॅकर, थिनर यांचे डबे उघडतात. कापसाचा बोळा कापडात गुंडाळून असा फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं, माणूस लाकडाला झोपवतोय.

आता पुढची गोष्ट जरा हळू आवाजात सांगायला हवी, कारण ती काकांनी काकूंनाही सांगितलेली नव्हती. काकांना वास येत नव्हता. कसलाच नाही. ना थिनरचा, ना चहाचा, ना पावडरीचा. इतकी वर्षं डब्यांवर वाकून वाकून नाकानं कधीतरी रजा घेतली, तीही अर्ज न देता. काकांना ते एका हिवाळ्यात कळलं. आधी वाटलं सर्दी आहे. सर्दी गेली, नाक काही परत आलं नाही.

सांगायचं कुणाला? काकांना धंदा शिकवणारे उस्ताद म्हणायचे, पॉलिशवाल्याचा अर्धा हात नाकात असतो. स्पिरिटमध्ये भेसळ आहे की नाही, हात आतून वाळला की नुसता वरून, हे नाक सांगतं. नाक गेलेला पॉलिशवाला म्हणजे बहिरा तबलजी. म्हणून काकांनी तोंडाला कुलूप लावलं आणि युक्त्या शोधल्या. हात वाळला का ते बोटाच्या पेरानं बघायचं. घरात तोंडं बघायची. काकूंनी नाक वर करून "काहीतरी करपतंय" म्हटलं की काका लगेच, "मी तेच म्हणणार होतो!" जेवायला बसलं की पातेल्यावर वाकून डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वाऽऽ! काय घमघमाट सुटलाय!" काकू वरवर म्हणायच्या, "पुरे झालं कौतुक," पण वाढताना हात सैल सुटायचा.

हे नाटक वर्षानुवर्षं चाललं असतं. पण सुनेला दिवस गेले.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. डोळे तपासणं, काचा बसवणं, नाकावर चष्मा नीट बसला का ते बघणं. मुलगी हसतमुख, पण डोळा तीक्ष्ण. समोरचा काय लपवतोय ते चटकन ओळखणारी. लग्न होऊन आली तेव्हा पहिला आठवडा शिंकण्यात गेला, मग तिलाही थिनरची सवय झाली. पण दिवस गेल्यावर तिचं नाक असं काही जागं झालं की पलीकडच्या घरात साबणाची वडी फोडली तरी हिला इथे कळावं. सकाळी काकांनी शेडमध्ये डबा उघडला की इकडे मोरीचं दार आपटायचं आणि नळ सुरू व्हायचा. खिडकी बंद केली तर उकाडा, उघडली तर थिनर. पोरगी आठ-पंधरा दिवसांत सुकून काडी झाली. डॉक्टरीणबाईंनीही बजावलं, "ओकारीचं मी बघते, पण हा वास तसाही बरा नाही. तिला लांब ठेवा, नाहीतर वासाला."

शेवटी एका संध्याकाळी चहाच्या वेळी चिरंजीवांनी घसा खाकरला. चिरंजीव म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा, स्वभावानं गरीब. वडिलांसमोर बोलायचं तर आधी तीनदा खाकरतो.

"बाबा, आम्ही एक जागा बघितलीय. नदीपलीकडे. पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत घरमालकांना हो-नाही सांगायचंय."

काकांचा कप हवेतच राहिला. "कशाला?"

"कशाला काय विचारता!" काकू म्हणाल्या. "पोरीचे हाल दिसत नाहीत? तुमचा तो वास!"

"वास? एवढा कुठे येतो?"

"एवढा कुठे येतो?" काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, टपालवाला हल्ली फाटकातूनच पत्रं फेकतो."

"बाबा, मला जायचं नाहीये," सूनबाई हळूच म्हणाली. "पण मला उभंसुद्धा राहवत नाही हो."

काकांनी कप खाली ठेवला. खरं म्हणजे बातमी कळल्या दिवशीच त्यांनी शेडच्या माळ्यावरून चिरंजीवांचा पाळणा खाली काढला होता. नदीपलीकडे गेलेलं नातवंड म्हणजे रविवारचं नातवंड, हे त्यांना ठाऊक होतं. गल्लीत दोघातिघांकडे तसली होती. न्हाऊमाखू घालून आणलेली, दारातूनच आजोबांना बघून भोकाड पसरणारी.

"शेड हलवा," काकू म्हणाल्या.

"शेड म्हणजे काय पाट आहे, उचलला आणि सरकवला?"

"मग त्या सुताराकडे जाऊन काम करा. एवढा मोठा कारखाना आहे त्याचा."

हे मात्र काकांना झोंबलं. सुतार त्यांचा जुना मित्र, म्हणजे जुना वैरी. सुतार चुका करतो आणि पॉलिशवाला त्या झाकतो, असं काका चारचौघांत सांगायचे. सुतार म्हणायचा, आम्ही घर बांधतो आणि हे पावडर लावतात. आता त्याच्या दारात बोळा घेऊन उभं राहायचं? छे!

"मी बाग लावतो," काका एकदम म्हणाले.

तिघांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते म्हणाले, मी नाच शिकतो.

"हसू नका. या पट्टीत. शेड आणि खिडकीच्या मधे. अशी सुवासाची बाग लावतो की थिनरचा वास पलीकडच्या पलीकडे अडेल. डाग जात नसेल तर काय करतात? वरून गडद हात मारतात! आणि बाग होईपर्यंत मी डब्याचं झाकण उघडणार नाही. शब्द आहे माझा."

चिरंजीवांनी बायकोकडे बघितलं. ती दमलेल्या चेहऱ्यानं हसली. "रविवारपर्यंत बघू या की."

दुसऱ्या दिवशी काकांनी प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलीनं नकाशा काढला. बाग त्यांनी पॉलिशसारखीच आखली. पहिला हात जमिनीलगत: निशिगंधाच्या ओळी. दुसरा हात कमरेएवढा: मोगरा आणि अनंत. तिसरा हात वर: खिडकीसमोर लाकडी मांडव, त्यावर जाई. आणि शेवटची चकाकी म्हणून कोपऱ्यात रातराणी. नकाशा घेऊन ते नर्सरीत गेले.

नर्सरीवाली बाई गुडघाभर चिखलात उभी होती. "कसला वास हवाय, काका?"

"जोरदार."

"अहो, बाग लावताय की वरात काढताय? मंद हवा, गोड हवा, आंबूस हवा?"

काकांनी कान खाजवला. माणसांची तोंडं बघून वास ओळखायची त्यांना सवय, पण फुलांना तोंडं कुठली? मग त्यांना एक युक्ती सुचली. ते हात मागे बांधून वाफ्यांतून हिंडले आणि कुठल्या झाडावर किती मधमाश्या आहेत ते बघू लागले. सर्वांत जास्त गर्दी जिथे, तो वास भारी. एका हिरव्या झुडपाशी थांबून ते म्हणाले, "हे द्या. काय दरवळतंय!"

"ही कोथिंबीर बियाण्यासाठी सोडलीय," नर्सरीवाली म्हणाली. "आणि माश्या मधासाठी येतात हो, वासासाठी नाही. रातराणीवर भरदुपारी कोण मरायला येणार आहे?" तिनं एक पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं. "बरं, हा कसा वाटतो?"

"गोड," काका डोळे मिटून म्हणाले. "फार गोड."

ते कडुनिंबाचं पान होतं. नर्सरीवालीनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती हातगाडी भरायला लागली.

पुढचे दिवस काका घामानं निथळले. पट्टीतली जमीन भुश्शानं आणि पॉलिशच्या जुन्या ओघळांनी अशी घट्ट झाली होती की पहार टाकली की टणकन वाजायची. वरचा थर त्यांनी खरवडून पोत्यात भरला, खाली काळी माती लागली, त्यात शेणखत कालवलं. कुंडीतलं रोप काढायच्या आधी ते रात्रभर पाणी पाजायचे. सकाळी कुंडी उपडी करून तळहातावर ठोकायचे, मातीचा गोळा अलगद हातात यायचा. गुंडाळलेल्या मुळ्या बोटांनी मोकळ्या करायचे, खड्ड्यात बसवायचे, टाचेनं हलकेच दाबायचे. पाणी घालताना काकू खिडकीत यायच्या.

"अहो, मोगऱ्याला पाणी घालताय की आंघोळ?"

"तुला काय कळतंय! पहिला हात भरपूरच लागतो."

पण काकू घरात जाऊन सुनेला म्हणायच्या, "बघ गं, तुझ्यासाठी माणूस वाकलाय. माझ्यासाठी चाळीस वर्षांत साधी चप्पल उचलायला वाकले नाहीत."

आणि खरंच, डबे बंद राहिले तशी सूनबाई जरा सावरली. खिडकी उघडू लागली, चार घास पोटात टिकू लागले. निशिगंधाच्या वासानं थोडं गरगरतं, असं ती नवऱ्याला म्हणाली. पण सासऱ्यांना सांगितलं नाही. एवढी बाग लावणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शुक्रवारी ती, चिरंजीव आणि काकू तिघं काकूंच्या बहिणीकडे दोन दिवस गेली. निघताना ती म्हणाली, "रविवारी सकाळी येतो बाबा. तोवर जाई चढवून ठेवा."

जाई चढवायची तर मांडव हवा. शनिवारी सकाळी काकांनी सागाच्या जुन्या पट्ट्यांचा मांडव खिडकीसमोर उभा केला. देखणा झाला. चार खांब, वर चौकटी, कोपऱ्यात नीट सांधे. सुतारानं बघितला असता तर जळून खाक झाला असता. काका दोन पावलं मागे सरकले. चष्मा पुसला. पुन्हा बघितला.

लाकूड उघडं होतं.

त्यांनी चहा केला आणि मांडवाकडे पाठ करून प्यायले. मग बसायच्या खोलीत जाऊन रेडिओ लावला. मग, नुसतं बघून येऊ म्हणून, परत आले. ऊन पडलं होतं, सागाचे रेषे चमकत होते, आणि एका खांबावर नख लागल्याचा ओरखडा होता. तेवढा पॉलिश पेपरनं घासू, बाकी काही नाही. एक ओरखडा घासला तर तेवढाच भाग उजळ दिसायला लागला, म्हणून सगळा खांब घासला. एक खांब घासला म्हणून चारही घासले. आता घासलेलं लाकूड तसंच सोडणं म्हणजे माणसाला साबण लावून मोरीत उभं करून ठेवण्यासारखं. आणि शब्द दिला होता तो शेडमधल्या कामाचा. हे तर बागेतलं काम. शिवाय पाऊसपाण्याला लाकूड टिकायला नको?

घरात थांबवायला कुणी नव्हतं. दुपारपर्यंत मांडवावर लॅकरचे तीन हात बसले होते. काकांनी पेर टेकवून बघितलं: कोरडं खडखडीत. जाईचे वेल सुतळीनं बांधले, हात धुतले आणि ते मांडवाखाली उभे राहून समाधानानं म्हणाले, "वाऽ! काय सुवास आहे!" ऐकायला कुणी नव्हतं तरी म्हणाले. सवय.

रविवारी सकाळी रिक्षा थांबली. काका फाटकापर्यंत धावत गेले. "आधी डोळे मिट. मिट म्हणतो ना! मी हाताला धरून नेतो."

सुनेनं हसत डोळे मिटले. काकांनी तिला घराच्या कडेनं मागच्या पट्टीत आणलं. ती चार पावलं चालली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पाचव्या पावलाला तिनं तोंडावर पदर दाबला, डोळे उघडले, मांडवाकडे एकदा बघितलं आणि वळून पुढच्या दाराकडे धावली. निशिगंधाच्या ओळीतले दोन दांडे तिच्या पायाखाली मोडले.

काकू मागून आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. "अहो! हे काय केलंत?"

"काय केलं? बाग केली!"

"नाक आहे की शोभेला लावलंय? सगळं अंगण थिनरनं भरलंय! शेड परवडली, ती लांब तरी होती. हे तुम्ही पोरीच्या उशाशी आणून ठेवलंत!"

काका मांडवाकडे बघत राहिले. त्यांना दिसत होतं ते एवढंच: हिरवी पानं, पांढऱ्या कळ्या, आरशासारखं लाकूड.

पुढच्या खोलीत चिरंजीव फोन शोधत होते. या खेपेला ते खाकरलेसुद्धा नाहीत. "मी घरमालकांना हो सांगतोय. बास झालं आता."

सूनबाई पायरीवर बसली होती. तोंड धुतलेलं, केस कपाळाला चिकटलेले. काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले. बोळा हरवल्यासारखे त्यांचे हात नुसतेच चुळबुळत होते.

"बाबा, काय लावलंत मांडवाला?"

"काही नाही गं. नुसते तीन हात लॅकर. पण ते वाळलंय. हात लावून बघ, खडखडीत आहे."

"आणि वास?"

"वास मोगऱ्याचा येतोय की! एवढा घमघमाट सुटलाय, तुला…" ते अडखळले.

सूनबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. दुकानात तिच्यासमोर रोज अशी माणसं बसतात. नंबर वाढलेला कबूल करायचा नसतो, म्हणून बाहेर बाकावर बसून आधीच्या माणसाची अक्षरं ऐकून पाठ करतात आणि खुर्चीत बसल्याबरोबर घडाघडा म्हणून दाखवतात. अशा वेळी ती काही बोलत नाही. गुपचूप तक्ता बदलते.

"बाबा, इथे बसा. डोळे मिटा."

काका बसले, डोळे मिटले. तिनं त्यांच्या नाकापुढे ओंजळ धरली.

"कुठलं फूल आहे?"

काकांनी लांब श्वास घेतला. मोगरा म्हणावं का? मोगरा सगळेच म्हणतात. "अनंत," ते ठामपणे म्हणाले. "पहिल्या प्रतीचा."

"डोळे उघडा."

तिची ओंजळ रिकामी होती.

दारात काकू उभ्या होत्या, त्यांच्यामागे कानाला फोन लावलेले चिरंजीव. काका त्या रिकाम्या ओंजळीकडे असे बघत राहिले, जणू फूल खरंच होतं आणि आत्ता कुठे पडलं.

"कधीपासून, बाबा?" तिनं विचारलं.

"झाली असतील सात-आठ वर्षं."

"सात-आठ वर्षं!" काकूंचा आवाज चढला. "म्हणजे रोज पातेल्यावर वाकून तुम्ही जे वाऽऽ वाऽऽ करत होता…"

"चव थोडीफार कळते गं," काका घाईनं म्हणाले. "मीठ तर बरोबर कळतं."

"मीठ! सात वर्षं मी या माणसाला वास घेऊन खूश होतो म्हणून दोनदा वाढलं! आणि मी खुळी, मसाला घरी कुटत बसले!" काकूंनी पदरानं डोळे टिपले, रागानं की कशानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "एवढं होतं तर सांगायचं नाही का मला?"

काकांनी मान खाली घातली. आता उस्तादांचं नाक, गिऱ्हाइकं, अब्रू हे सगळं सांगण्यासारखं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला वाटायचं," ते सुनेला म्हणाले, "तुम्ही सगळे थोडं वाढवून सांगता. मला काही जाणवायचंच नाही ना. मला वाटलं, वास म्हणजे किती असणार? चार फुलं लावली की झाकला जाईल. तुला एवढं होतं हे खरंच कळलं नाही, पोरी. शपथ."

ते उठले, शेडमधून पाना आणि हातोडी घेऊन आले. जाईची सुतळी सोडवून वेल अलगद जमिनीवर ठेवले आणि मांडव मोडायला लागले. चकचकीत, आरशासारखा मांडव. एकेक खांब उपटून हातगाडीवर टाकताना त्यांनी एकदाही त्याच्यावरून हात फिरवला नाही. ज्यांनी त्यांना ओळखलंय त्यांनाच कळेल हे काय होतं. शेडमधले सगळे डबेही गाडीवर चढले. आणि भर दुपारी, अख्ख्या गल्लीनं खिडक्यांतून बघावं अशा थाटात, पॉलिशकाका गाडी ढकलत सुताराच्या कारखान्याकडे निघाले.

सुतार रविवारीही कारखान्यात. दारातच उभा होता. "आलात? काय, रस्ता चुकलात की काय?"

"मला एक कोपरा दे," काका म्हणाले. "कामापुरता. घरी पॉलिश करणार नाही मी आता."

सुतारानं मांडवाच्या खांबांकडे बघितलं, सांध्यांवरून बोट फिरवलं. एखादा टोमणा ओठांवर आला असणार, पण काकांचा चेहरा बघून त्यानं तो गिळला. अर्धाच गिळला. "घे तो खिडकीकडचा कोपरा. बरंच झालं. इतके दिवस माझ्या चुका माझ्या पाठीमागे झाकत होतास, आता माझ्यासमोर झाक."

"आणखी एक," काका म्हणाले. "मला वास येत नाही. हात आतून वाळला का, स्पिरिट कसं आहे, ते अधूनमधून हुंगून सांगत जा."

सुतारानं मान डोलावली. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी माझा पोरगा विडी ओढून तुझ्या शेजारी येऊन बसला आणि तू त्याला निर्व्यसनी म्हणून शाबासकी देत होतास."

काका घरी परतले तेव्हा उन्हं कलली होती. मोरीत जाऊन त्यांनी कपडे बदलले, हात दोनदा धुतले आणि भीत भीत मागच्या पट्टीत आले. तिथे सूनबाई खुर्ची टाकून बसली होती आणि चिरंजीव घामाघूम होऊन, मातीच्या गोळ्यासकट काढलेली रोपं परत कुंड्यांत घालून हलवत होते.

"ती आणखी लांब. आणखी. तिकडे फाटकाशी. बाबा, आलात? रातराणी फाटकापाशी जाऊ दे, येणाऱ्याजाणाऱ्याला होईल. निशिगंधानं डोकं उठतं माझं, तो आईंच्या बहिणीकडे, मावशींकडे, जाऊ दे. मोगरा कडेला चालेल. खिडकीपाशी मला असं झाड हवंय की ते आपणहून बोलणार नाही. मी पान चुरगळलं तरच वास द्यायचा."

"लिंबू," काका म्हणाले. "किंवा गवती चहा. पुदिना. त्या नर्सरीवालीकडे होतं सगळं." मग थांबून म्हणाले, "पण तुम्ही तर…"

त्यांनी चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीव तीनदा खाकरले. "घरमालकांना 'नाही' म्हणून कळवलं."

"हीच म्हणाली, जायचं नाही," असं म्हणत त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"मग काय करणार?" सूनबाई म्हणाली. "नदीपलीकडे खालच्या मजल्यावर केक भाजतात. तो वास आला की तिथे मी कुणाच्या नावानं ओरडू? इथे निदान गाडी भरून वास बाहेर काढणारं माणूस आहे."

"पण एक अट आहे हो," आतून काकूंचा आवाज आला. "जाईला नवा मांडव लागेल. लाकडी. आणि त्याला हात लागणार नाही."

"कसला हात?" काकांनी विचारलं, अगदी निरागसपणे.

"पहिलासुद्धा."

तो मांडव आजही तिथे आहे. आता उन्हानं राखाडी पडलाय, खांबांना बारीक भेगा गेल्यात, एके ठिकाणी शेवाळही धरलंय. पहिले काही महिने काका रोज सकाळी जाऊन त्याच्यासमोर उभे राहायचे, बोटं शिवशिवायची, आणि आतून कुणीतरी "बाबा!" म्हटलं की ते मुकाट्यानं लिंबाला पाणी घालायला जायचे. चोरून वास नसलेलं जवसाचं तेल तरी चोपडावं, असा त्यांचा एक बेत होता, पण कुठल्या तेलाला वास नाही हे कुणाला तरी हुंगायला सांगावं लागलं असतं, तिथेच बेत बारगळला. हल्ली ते कुणालाही सरळ विचारतात, "कसला वास येतोय हो?" आणि गल्लीतली टवाळ मंडळी गटारीकडे तोंड करून छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "वाऽ काका, गुलाब!" जेवताना ते आता पातेल्यावर वाकत नाहीत. काकू स्वतःच सांगतात: आज वेलची आहे, आज जरा लागलंय. आणि काका अजूनही म्हणतात, "वाऽऽ!" काकूही अजून दोनदा वाढतात.

नात झाली. पाळण्यातून उतरली, रांगत रांगत मागच्या पट्टीत गेली आणि पहिल्यांदा उभी राहिली ती मांडवाचा खांब धरून. दात फुटत होते. समोर जे आलं त्याला तिनं तोंड लावलं. काकू ओरडल्या, सूनबाई धावली, पण पोरीनं तोवर त्या उघड्या लाकडावर चार दातांची नक्षी काढली होती.

"बघितलंत?" काका म्हणाले. "पॉलिश असतं तर पोरीच्या पोटात गेलं असतं. लाकूड उघडंच बरं." जणू कल्पना मुळात त्यांचीच.

त्या खुणांत पुट्टी भरायची एकदा त्यांना हुक्की आली होती, पण भरली नाही. आता घरी कोणी आलं की बागेआधी ते खांब दाखवतात, खाली वाकून, चष्मा वर करून: "हे बघा. हे दोन वरचे, हे दोन खालचे."